मन्हा पाय कोठे शेतस?

माझं माहेर ब्राह्मणपुरी, शहाद्याकडचं. लग्न होऊन नंदुरबारला आले आणि तेव्हापासून मिरचीच्या पथारीवर. पथारी म्हणजे काय सांगू तुम्हाला ताई, गावाबाहेर उघड्यावर मिरची वाळत घालतात, नजर पोचेल तिथवर लाल, आणि आम्ही बाया तोंडाला फडकं बांधून दिवसभर वाकून ती उलटवायची, देठं खुडायची. बसणं मला माहीतच नाही. आमचे हे गेले तेव्हा तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी कामावर. तुमच्याशी शाळेतली मराठी बोलते जमेल तशी, पण घरात आमचं अहिराणी, मध्येच येईल, समजून घ्या.

तर मागच्या हंगामात पथारीवरच पडले. ओल्या ताडपत्रीवरून पाय सरकला आणि मांडीचं हाड, हे इथं कमरेजवळ, मोडलं. ऑपरेशन झालं, सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही, मग दाखवायला आणा. माझा पोरगा किशोर, रिक्षा चालवतो, त्यानं पहिलं वाक्य असं धरून ठेवलं की दुसरं त्याच्या कानात गेलंच नाही. बापामागं मीच वाढवलेला, फार जीव माझ्यावर. माय, तू हालू नको, म्हणे, काय लागी ते माले सांग. सहा आठवडे गेले, दोन महिने गेले, तीन गेले, चौथा लागला. दाखवायला न्यायचं म्हटलं की म्हणे, रिक्षात गचके बसतात, हाड हाललं म्हणजे?

आणि मी पण कमी नाही. सून, रेखा तिचं नाव, खाटेवरच भांडं द्यायची, उचलून न्यायची. मला लाज वाटे, म्हणून मी पाणीच प्यायचे नाही. तहान लागली की नुसते ओठ ओले करायचे.

पहिले पाय गेले. गेले म्हणजे होते जागेवर, पण डोळे मिटले की ते सरळ आहेत का वाकडे हे मला कळेना. पांघरूण वर करून बघायचे, हां, आहेत. एकदा रेखा माझी टाच पुसत होती, तिथं पडून पडून जखम झालेली, रक्त आलेलं, आणि मला काहीच नाही. मी म्हटलं, रेखा, मन्हा पाय कोठे शेतस व? माझे पाय आहेत कुठं, म्हणून. ती हसली, आणि हसता हसता थांबली.

मग डोकं. समोर भिंत, वर पत्रा, सकाळ का संध्याकाळ समजेना. तांब्या मागायचा तर तांब्या शब्द सापडेना, ते दे, ते दे म्हणायचे. माझी बहीण वारली त्याला वर्षं झाली, तिला हाका मारायचे. मिरची भिजी ऱ्हायनी, झाका, झाका, असं ओरडायचे, आणि बाहेर कोरडं ऊन. एका दुपारी किशोर माझं ताट घेऊन खाटेजवळ बसला तर मी त्याला म्हटलं, तू कोन शे रे? हे मला आठवत नाही, रेखानं सांगितलं. ताट खाली ठेवून तो बाहेर गेला आणि उभ्या रिक्षात जाऊन बसला, म्हणे.

पुढचं मात्र आठवतं. सारंगखेड्याहून माझे दीर आले. दारात उभे राहून बोलत होते, जशी मी तिथं नाहीच. म्हणे, आते काही खरं नही, बठ्ठासले बलाई ले. सगळ्यांना बोलावून घे म्हणे! मला ऐकू येत होतं हो. ओरडायचं होतं, मी शे, मी आठेच शे, इथंच आहे मी, पण तोंडात शब्द येईपर्यंत ते चहाला निघून गेले. घाम फुटला मला. हात वर करून दाखवावा तर हातही उचलेना.

आता रेखाचं ऐका. ती मला वेणी घालायला पाठीशी उशा लावून बसवायची. तिच्या ध्यानात आलं, की बसवलं की थोड्या वेळानं सासू नीट बोलते आणि आडवी केली की भटकते. कोणाला न सांगता तिनं चार दिवस मला जास्त जास्त वेळ बसवलं, जबरदस्तीनं पाणी पाजलं, माझ्या शिव्या खाल्ल्या. मग नवऱ्याला म्हणाली, आजच दवाखाना. किशोर तापला. हाड मोडनं तं तू जबाबदार शे का? ती म्हणे, हां, मी शे. रिक्षा काढ.

फोटो काढला तर हाड कधीच जुळलेलं. डॉक्टरांनी फोटो परत परत उजेडाला धरून बघितला. अंगातलं पाणी कमी झालेलं, सलाईन लावली, रक्त तपासलं. मग म्हणाले, मावशी, माणूस चालतं तेव्हा पायाकडून डोक्याला सारखी खबर जाते, जमीन कुठं, तोल कुठं. तुमची चार महिने खबर बंद. नसा सुस्तावल्या, डोकं पायांना विसरायला लागलं. त्यात पाणी नाही, ऊन नाही, कोणाशी बोलणं नाही, मग ते भरकटणारच. किशोर विचारे, परत येईल का सगळं? बरंच येईल, म्हणाले, सगळ्याचा शब्द देत नाही.

घरी आणून मला उभी केली. पुढं रेखा, मागं किशोर, हातात वॉकर, ती चालायची चौकट, धरायची. उठले तशी डोळ्यांपुढं अंधारी, कानात घुंईं, परत खाटेवर. परत उभी केली. खाली फरशी आहे का कापूस हेच कळेना, गुडघे लटलट कापायला लागले. किशोर म्हणे, बस कर, पडी जाई ती. मी म्हटलं, हात काढ रे. तो काढेना. रेखा म्हणे, पायकडे नका देखा आत्या, मन्हाकडे देखा. मी मनात म्हणते, उचल, उचल, आणि पाय तिथंच, जसा दुसऱ्या कोणाचा. किती वेळ गेला माहीत नाही. मग सरकला. वीतभर, घासत. त्या वितेवर मी लहान पोरीसारखी रडले.

खाटेपासून दारापर्यंत जायला महिना गेला. आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाते. पथारी सुटली ती सुटलीच. उजवा तळवा अजून बधिर आहे आणि एखादा शब्द अडतो तो अडतोच, मग मी थांबते, येईल तेव्हा येईल. किशोर घरात असला की मी उंबरा ओलांडताना त्याचे हात आपोआप पुढं होतात. रागावले की मागं घेतो, परत पुढं. त्याला काय बोलू, मायेनंच निजवलं होतं त्यानं मला. आणि रेखाला मी काय देणार, ताई? रोज सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवते, उभी राहून.

तुम्ही पण केव्हाच्या एका जागी मांडी घालून ऐकत बसल्यात. उठा आता, दोन पावलं टाका. हातपाय धड राहोत तुमचे.