पायडलला बांधलेलं घड्याळ

— थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी तुमच्या छातीत पहिली कळ आली. तेव्हापासून खोटं बोलताय, की हल्लीच शिकलात?

— अगं, हळू. गिऱ्हाईक ऐकेल.

— ऐकू दे! शिंपीबुवांची कारागिरी कळू दे सगळ्यांना. हे घड्याळ मशीनच्या पायडलला कशाला बांधलंय?

— पट्टा मनगटाला चावतो.

— लेकीनं हौसेनं दिलं, बाबांची पावलं मोजायला. काल अकरा हजार दाखवली त्यानं. आणि काल दिवसभर तुमच्या चपला मोच्याकडे होत्या!

— पाय हलले ना माझे? पायडल काय आपोआप चाललं?

— वर तोंड करून बोलताय! मी ते आकडे डॉक्टरांना दाखवले. रोज एवढं चालूनही रक्तदाब उतरत नाही म्हणून त्यांनी गोळी वाढवली. परवा मोरीत चक्कर येऊन पडलात, ते त्या गोळीनं.

— हे मला कुठं ठाऊक होतं?

— तीन महिने तुमच्याबरोबर मीही अळणी गिळतेय. आणि बटणांच्या डब्यात हे काय? सिगारेटी?

— दोनच आहेत.

— काल किती होत्या?

— डबा ठेव तो खाली.

— किती होत्या?

— डोकं खाऊ नकोस! शाळेचे चाळीस गणवेश सोमवारी द्यायचेत. दादा होता तेव्हा तो कापायचा, मी शिवायचो. आता एकटा मी कापू, शिवू, की रस्त्यानं हुंदडू?

— दादांचं नाव काढलंत, बरं झालं. जाऊबाईही त्यांच्या कानीकपाळी ओरडायच्या. चाला जरा, ती धुराडी सोडा.

— त्याचं वेगळं होतं.

— काय वेगळं? तीच सिगारेट, तेच स्टूल. रक्तही एकाच आईचं. उठा. चपला घाला.

— कुठं?

— दवाखान्यात. डॉक्टरांना तुमच्या तोंडानं खरं सांगायचं. चालत जायचं.

— आणि गणवेश?

— पोरं आठ दिवस जुने घालतील. मरणार नाहीत.

— एवढी बाही होऊ दे. उद्यापासून चालतो, शप्पथ.

— गेल्या जूनमध्ये, सोमवारी, दादा जाऊबाईंना हेच म्हणाले. मंगळवारी सकाळी दहाला गेले. याच स्टुलावर.