सॉल्टमियरचं बोलावणं

"हॅलो?… हो, विदरिंग्टन हाऊस… कोण?"

हॉर्टन्स विदरिंग्टनबाईंच्या हातून फोन सुटता सुटता राहिला. पलीकडे साक्षात सॉल्टमियर हवेलीच्या लेडी क्लॅव्हरडेन होत्या! त्यांच्या बागेतल्या पार्टीचं बोलावणं यावं म्हणून बाईंनी तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. तिथे मोठ्या घरांतले मुलगे येत, आणि लेक म्यूरिएल आता एकोणीस वर्षांची झाली होती. नेमके आजच झाडून सगळे नोकर कोचमनच्या लग्नाला गेलेले. मालकिणीने स्वतः फोन उचलला हे कळलं असतं, तर उरलीसुरली अब्रूही गेली असती.

"बाई?… बाई घरात नाहीत, बाईसाहेब. मी… मी मोलकरीण. हॅना."

"हो, सांगते ना… तुम्हाला गुरुवारी आमच्याकडे जेवायला येणं जमणार नाही… कारण काय सांगू?… ताप. बरं… पण गेल्या खेपेलाही तापच… नाही नाही, उलट नाही बोलत! मग घसा सांगू?… घसा. हो."

"आमच्या बाई?… बोलतात खऱ्या जरा जास्त… हो, मोठ्याने… टोपी? ती पिसांची?… अहो, पॅरिसची आहे ती!… नाही हो, कोंबडीसारखं नाही दिसत… बरं. दिसतं."

तीच टोपी आत्ता बाईंच्या डोक्यावर होती. त्यांनी ती हळूच काढून खुर्चीवर ठेवली. रडू फुटत होतं, पण मोलकरणीने रडायचं काही कारण नव्हतं.

"बाईसाहेब, एक विचारू? रागावू नका… आमच्या म्यूरिएलताईंना तरी पार्टीला… फार गुणी पोर आहे हो. पियानो तर इतका… हसताय का?… बुटांचं पॉलिश? ते ताईंचे आजोबा विकायचे! आता कुणी नाही विकत… हो. वास जात नाही म्हणता. हो."

"मी?… इथे बावीस वर्षं झाली, लग्न झाल्यापासून… म्हणजे बाईंचं लग्न झाल्यापासून… आवडला आवाज? तुमची कृपा… कुठे?… सॉल्टमियरला? मला सॉल्टमियरला बोलावताय?"

नाही म्हणावं, फोन ठेवून द्यावा, सगळं बाईंना कळत होतं. पण सॉल्टमियरला नाही म्हणणं त्यांना या जन्मात जमणार नव्हतं.

"शनिवारी? पार्टीलाच?… चहाच्या टेबलाशी उभं राहायचं. राहीन ना… नाही, बाईंना नाही सांगत, शपथ… पण तिथे मला कुणी ओळखलं तर?… हो, खरंच की. नोकरांच्या तोंडाकडे कोण बघतंय."

"काय म्हणालात?… आणखी एक मुलगी हवी?"

वरच्या मजल्यावर म्यूरिएल पियानोवर तीच तीच गत घोटत होती. बाईंनी जिन्याकडे पाहिलं आणि फोनच्या भोंग्यावर हात आडवा धरला.

"आहे… आहे एक. एकोणीस वर्षांची… गरीब स्वभावाची आहे, उलट बोलत नाही… हा आवाज? कुणाचा कोण जाणे. नाही हो, ती नाही वाजवत, तिला कुठलं येतंय! बशा उचलेल… दोघी येऊ… हो, माहीत आहे बाईसाहेब. मागच्या दाराने."