मामा गाडीपुढे

सीदू मेस्त्री : ...तर थोडक्यात, इंजिन गेलं.

सेरवा मावशी : मेस्त्री, शब्द जपून वापर. आमच्यात गेलेला एक माणूस आहे, आजच्या दिवसाला तेवढा पुरे.

ओपोकु : मावशी, त्यांना बघू तरी दे. मेस्त्री, कुमासी सोडलं आणि इंजिनच्या तापाचा काटा चढायला लागला. मामपाँगचा चढ संपेपर्यंत आमचं प्यायचं सगळं पाणी रेडिएटर प्यायला. पाण्याची पिशवी फोडायची, ओतायची, पुढं जायचं.

सीदू : गाडी कुणाची?

ओपोकु : मामांची. म्हणजे आता माझी. मामाचं भाच्याला, आमची रीतच आहे.

सेरवा : आणि त्याच मामाला आज मूठमाती द्यायचीय. बाराला पेटीचं झाकण लावतील. अंगावर घालायचं कापड या पिशवीत आहे, ते बहिणीनंच घालायचं असतं. आता सांग, भावाचं तोंड शेवटचं बघू, की तुझ्या शेडमधले टायर बघत बसू?

सीदू : टायर बरे आहेत, आई. त्यावरच बसा. हं... पट्टा ठीक. पंप ठीक. पंखा फिरतोय. थर्मोस्टॅट?

ओपोकु : तो मामांनी केव्हाच काढून टाकला.

सीदू : शहाणा माणूस. ते बर्फाच्या देशातलं खूळ. मला दिसला की मीही काढतो.

सेरवा : काढल्यावर गाडी सुधारते?

सीदू : हलकी होते.

सेरवा : देवा!

सीदू : राहिलं गास्केट. इंजिन उतरवावं लागेल. मंगळवारी या.

सेरवा : मंगळवारी! मंगळवारी येऊन तुझं तोंड बघू?

ओपोकु : गास्केट नाही मेस्त्री, मला ठाऊक आहे. मामा रागावलेत. जिवंतपणी त्यांनी मला किल्लीला हात लावू दिला नाही.

सेरवा : कारण तू त्याची गाडी गटारात घातलीस.

ओपोकु : तेच म्हणतोय मी.

सीदू : रागाचं काम मी करत नाही. जा, इंजिन बंद कर, उगाच पेट्रोल जळतंय.

ओपोकु : करतो. ...मेस्त्री! काटा उतरलाय!

सीदू : काटा बिघडला असेल.

ओपोकु : नाही हो, तुम्ही बॉनेट उघडल्यापासून उतरतोय.

सीदू : माझा हात लागला की होतं असं कधी कधी.

सेरवा : मग लाव ते बॉनेट आणि चल, ऊठ!

(बॉनेट बंद होतं. ओपोकु पुढच्या दोऱ्या पुन्हा घट्ट बांधतो. दोघं गाडीत बसतात, रस्त्यावर एक फेरी मारून शेडपाशी परत येतात.)

ओपोकु : चढला! परत चढला! मामा, माफ करा, गटाराचं माफ करा!

सीदू : ओरडू नकोस. बॉनेट लावल्यावर काय केलंस?

ओपोकु : काही नाही. मामांना बांधलं.

सीदू : कुणाला?

ओपोकु : हा काय, त्यांच्या फोटोचा बॅनर. मघाशी तुम्हीच नाही का सोडलात?

सीदू : सोडला, पण तिकडं न बघता. मयताच्या तोंडाकडे टक लावू नये. बघू... या अल्ला! हे तर दाराएवढं प्लास्टिक आहे! पुढची सगळी जाळी झाकलीत की! वारा शिरणार कुठून? रेडिएटरचं नाक दाबून वर त्याला पाणी पाजताय!

सेरवा : मयताला जाणाऱ्या सगळ्या गाड्या पुढं फोटो लावतात.

सीदू : कागद लावतात, आई. हातभर.

ओपोकु : हातभर मामींच्या माहेरच्यांनी लावला. म्हणून मग मावशीनं...

सेरवा : माझा भाऊ हातभर होता का?

सीदू : नव्हता, आई. दिसतोच आहे.

ओपोकु : म्हणजे गास्केट नाही? राग नाही?

सीदू : काही नाही. सोड त्या दोऱ्या आणि जरा दम खाऊ दे गाडीला. मंगळवारी येऊ नका, मला कामं आहेत.

ओपोकु : उतरला गं मावशी, काटा उतरला! हसतेस काय? ...रडतेस?

सेरवा : दोन्ही. बाराच्या आत पोचू ना?

ओपोकु : पोचू, आरामात. बॅनर मागच्या काचेला लावू?

सेरवा : मागं? आलेली वाट बघत जाईल तो? गुंडाळ आणि दे माझ्याकडे.

ओपोकु : गुंडाळला तर तोंड आत जाईल.

सेरवा : मग तोंड बाहेर ठेवून गुंडाळ. मी खिडकीशी धरते. गाव आलं की दिसू दे त्याला.