काचेवरचा गरुड

सून: पण बाबा, गरुडाला भुवया कशाला काढल्यात?

सासरे: राग दिसायला नको? जन्मभर सिनेमाची पोस्टरं रंगवली मी. खलनायकाला भुवया नसतील तर पब्लिक घाबरत नाही.

सून: इथलं पब्लिक म्हणजे चिमण्या आहेत.

ग्रंथपाल: चिमण्यांचं माहीत नाही, माझे वाचक मात्र घाबरतात. बालविभागात जायला हाच काचेचा बोळ आहे. काल एक मुलगी पलीकडे गेली ती गरुडासमोरून परत यायलाच तयार होईना.

सासरे: याला मी दाद समजतो.

ग्रंथपाल: मी तक्रार समजते. तुमच्या सूनबाई पक्ष्यांच्या अभ्यासक, म्हणून परवानगी दिली. उद्या काच धुऊन घेणार.

सून: धुऊ नका हो, मॅडम! कोऱ्या काचेत पाखरांना झाडं दिसतात, आणि ती सरळ येऊन आदळतात.

ग्रंथपाल: गरुड रंगवल्यावर आदळायची थांबली?

सून: नाही. आता गरुडाच्या बाजूला आदळतात.

सासरे: काय सांगतेस! आधी का नाही बोललीस?

सून: बोलले होते. तुम्ही भुवयांत रमला होतात. बाबा, गरुड हलत नाही हे त्यांना कळतं. पंज्याएवढी मोकळी काच दिसली तरी ती घुसायला बघतात. म्हणून म्हणते, सगळीकडे ठिपके काढा, तीन-तीन बोटांच्या अंतरावर.

सासरे: ठिपके! ते गोवर आला तरी उठतात. त्याला चित्रकार कशाला?

ग्रंथपाल: अगबाई! कसला आवाज झाला?

सून: आणखी एक. बाबा, ते बघा, बाहेर कुंडीपाशी पडलंय. ओंजळीत अलगद उचला. मॅडम, एखादा खोका, झाकणासकट?

ग्रंथपाल: खडूंचा आहे. पाणीही आणू?

सून: पाणी नको. अंधार हवा, आणि शांतता.

सासरे: अगं, काळीज केवढं धडधडतंय याचं... आणि गळ्याखालचा हा पिवळा! एवढी वर्षं रंग कालवले, हा काही मला जमला नाही.

सून: खोक्यात ठेवा, बाबा.

सासरे: ठेवतो. किती बोटं म्हणालीस?

सून: तीन.

सासरे: ठिपके काढणार नाही. गवत काढतो. उंच, बारीक पाती, जमिनीपासून छतापर्यंत.

ग्रंथपाल: आणि माझा उजेड?

सासरे: उजेड पात्यांमधून येईल. पाखरू येणार नाही.

सून: पण काचेच्या बाहेरून काढायचं हं. आतून काढलंत तर झाडांच्या प्रतिबिंबात दिसणारच नाही.

सासरे: म्हणजे या वयात उन्हात, शिडीवर?

सून: शिडी मी धरते.

सासरे: एका हातात पट्टी घेऊन धरशील, माहीत आहे मला.

ग्रंथपाल: अहो, खोक्यात खुडबुड चाललीय!

सून: चला, झाडाखाली नेऊन झाकण काढू या. हळू... गेलं बघा!

(पुढच्या आठवड्यात, काचेबाहेर)

ग्रंथपाल: मुलांनी बोळाचं नाव जंगल ठेवलंय. हाका मारून मारून बाहेर काढावं लागतं.

सून: बाबा, इथे चार बोटं झालीत.

सासरे: तिथे वारा आलाय. गवत वाकलंय.

सून: वाऱ्यातही एक पातं घाला.

सासरे: अगं, ते बघ! एक सरळ काचेवर येतंय!

सून: हलू नका.

ग्रंथपाल: मला नाही बघवत.

सून: उघडा डोळे, मॅडम. वळलं. त्या फांदीवर जाऊन बसलं.

सासरे: एवढा राबलो मी, आणि त्यानं चित्राकडे ढुंकूनही बघितलं नाही.

सून: बघितलं, बाबा. म्हणून तर वळलं.