दहा ओळी

नाही म्हणजे नाही, क्षमा! तुझी ती जावास्क्रिप्ट माझ्या साइटमध्ये शिरणार नाही आणि पासवर्डही मिळणार नाही — जा, सांग विहाराच्या कमिटीला, सुंदराबाई वेडी आहे म्हणून. काय म्हणालीस, जुनी झाली? अगं, एकाहत्तरची मी जुनी, साइट कशाने जुनी होईल? अख्ख्या कन्नमवार नगरचे चारशे बारा रक्तदाते आहेत तिच्यात, रक्त लागलं की फोनवर फॉर्म भरायचा, त्या गटाच्या सगळ्यांना लगेच मेसेज — अकरा वर्षं झाली, एक दिवस बंद पडली नाही. आणि केली कोणी? साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या सातवी पास बाईने, रिटायर झाल्यावर, पुतण्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर व्हिडिओ बघून. इंग्रजी येत नव्हतं तर एकेक शब्द वहीत उतरवला, मास्तर कोण नाही, क्लास नाही!

आणि कॉम्प्युटरची भाषा एकच, पायथन. समोरचं पान तीच बनवणार, मागची यादी तीच सांभाळणार, मेसेजही तीच धाडणार. तुम्ही पोरी दारात एक बोलता, स्वयंपाकघरात दुसरं — माझं नाही तसं. आणि काय देखणी आहे गं ती — कुठली ओळ कुठलीच्या पोटात, ते सोडलेल्या जागेवरूनच कळतं, खोक्यात वड्या रचल्यासारखं, एक तिरकी बसली की डोळ्याला खुपलीच. हसू नकोस. तू कंपनीतली, तुझं बरोबर असेल. तीन वर्षांपूर्वी इथेच बसून म्हणाली होतीस ना — मावशी, फोनच्या बाजूला फक्त दहा ओळी टाकू दे जावास्क्रिप्टच्या, रेंज गेली तर भरलेला फॉर्म फोनमध्ये राहील, आली की आपोआप जाईल. मी काय म्हणाले? माझ्या घरात दोन चुली नकोत! सगळे हसले. तुझा बाप, तो रतन, तोही हसला.

हां, घेतलं नाव. आता तूही खरं बोल. नवी साइट वगैरे राहू दे, तू मेसेजची नोंद बघायला आलीस — नोव्हेंबरातली, माझा दशरथ गेला त्या दिवसाची. हो, नावानेच बोलवायची मी नवऱ्याला, त्याला आवडायचं. त्याचा गट ओ निगेटिव्ह, यादीत त्या गटाचे तिघं, दोघं गाव सोडून गेलेले, राहिला रतन, दोन बिल्डिंगा सोडून. रतन म्हणतो मेसेज आलाच नाही. आणि लोक म्हणतात, सुंदराबाईची साइट कधी चुकत नाही, म्हणजे हाच खोटारडा. विहारात त्याच्या शेजारी कोणी बसत नाही, मला काय दिसत नाही? मीच ना बोलले, पुण्यानुमोदनाला, माईक हातात घेऊन, त्याच्या तोंडावर — मेसेज गेला होता, रतन आला नाही.

बस खाली. बस म्हणते ना! हॉस्पिटलची रक्तपेढी होती तळघरात, त्या गटाची पिशवी त्यांच्याकडे नव्हती; फोनला रेंजची एक दांडी, ती पण मधेच यायची, मधेच जायची. फॉर्म भरला, पाठव दाबलं, चाक फिरलं, फिरलं, पान पांढरं झालं. मी म्हटलं, गेला. फोन का नाही लावला? अगं, स्वतःच्या हाताने केलेल्यावर कोण संशय घेतं — चारशे बारा लोकांना मीच सांगितलेलं, फोनाफोनी करू नका, साइट आहे. मग मीच कशी करू? पदर खोचून बाकावर बसले, जिन्याकडे बघत. दीड तास. जिन्यावर पाय वाजले की उठायचं, दुसराच कोणी निघाला की बसायचं, आणि रतनला मनात शिव्या. आणि दशरथ, तिकडे वर, पोटात रक्त साठलेला माणूस, मला खाली पाठवताना म्हणाला होता, रतन धावत येईल बघ, त्याला आधी चहा पाज. मी वर गेले तेव्हा नर्स पडदा ओढत होती.

थांब, बोलू नकोस. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, मी गेलेल्या मेसेजांची यादी उघडली — रतनला दाखवायला, बघ म्हणायला, इतके वाजून इतक्या मिनिटांनी गेला. वरून खाली बघितली. खालून वर बघितली. सहा महिने रोज बघतेय, जसं काही उगवेल तिथे. आणि रतन खाली भेटला की मी मान फिरवते, तो मात्र जयभीम घालतो, अजून घालतो गं. रडतेस कशाला, तुझं काय चुकलं? चप्पल घाल, घरी जा आणि बापाला सांग — नोंद नाहीये रतन, तुला कुणी बोलावलंच नव्हतं.