प्रवाळावरची चौकट

अगं, माझी नोकरी त्या दिवशी गेलीच होती! पॅसिफिकमधल्या बेटांभोवतीचे प्रवाळ किती जिवंत, किती मेलेले, हे मी आमच्या मुर्री गावात बसून फोटोंवरून मोजते. व्हिडिओ कॉलवर पुण्याचे साहेब मोजणीसाठी समुद्रतळावर ठेवलेली चौकट दाखवत होते; तिच्या आत दिसतील तेवढेच प्रवाळ मोजायचे. मी मांडीवरच्या बाळाचा ताप हाताने बघत मान डोलवत होते.

मागून सासरे म्हणाले, "काऊन जी, चौकट चांगल्या जागीच ठेवून राहिले? उतारा मोजाले येणारा पीक कापणीवाला बी आमच्या बांधीत असाच भरल्या धानात चौकट ठेवते!"

महिनाभर मलाही तेच वाटत होतं, पण म्हटलं, आपलंच चुकत असेल.

साहेबांचा आवाज पडला. "ती मीच ठेवली, काका."

"मंग डोरे मिटून फेका ना, पडन तिथं मोजा!"

साहेब हसले, "बरोबर आहे" म्हणाले, आणि माझी नोकरी वाचली. आता मीटिंगची लिंक सासऱ्यांना येते, आणि मी बाळ घेऊन मागे उभी असते.