माझ्याच श्रद्धांजलीत मी आड

...आणि वर तो फोटोवाला मलाच म्हणतो, ‘आजी, जरा बाजूला व्हा, रिकामी खुर्ची दिसत नाहीये!’ आता तुम्हीच सांगा, खुर्ची माझी, ती रिकामी का तर मी वारले म्हणून, आणि मी तिथं जाऊन उभी राहिले तर माझ्याच श्रद्धांजलीत मीच आड येते! झाले बापडी बाजूला. मी आपली गप्प. गेलेल्या माणसानं मध्ये मध्ये बोलू नये.

हसताय काय? बाई गेलीय इथं!

थांबा, पहिल्यापासून सांगते. माझ्या सगळं लक्षात असतं, आणि खरं तर तिथंच घोटाळा झाला. मला लिहायला-वाचायला येत नाही, म्हणून जे काही आहे ते डोक्यात ठेवावं लागतं. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाई मला काय बोलल्या, ते आजही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन... पण ते असू दे, त्याही आता नाहीत, आम्ही दोघी एकाच गटात. तर आमचा लेक. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले, आणि आता केस पांढरे झाल्यावर त्यानं पुस्तक लिहिलं. लिहिलं म्हणजे काय, जेवणं झाल्यावर मी ज्या गोष्टी सांगते त्या कागदावर उतरवल्या. पुस्तक घरी आलं, मी म्हटलं, पहिल्या पानावर एवढंसंच काय लिहिलंय रे? कागद महाग झाला का? तर म्हणाला, ‘आई, ते तुझ्यासाठी आहे. आईच्या स्मृतीस.’

म्हटलं, म्हणजे काय रे?

‘अगं, स्मृती म्हणजे आठवणशक्ती. तुझ्या डोक्याला अर्पण केलंय पुस्तक.’

म्हटलं, डोकं धडधाकट आहे, गुडघ्यांना अर्पण कर. पण खोटं कशाला बोलू, आतून फुलले हो मी! केवढा शब्द! स्मृतीस! दोन दिवस भाजी निवडतानासुद्धा म्हणत होते, स्मृतीस, स्मृतीस. आता मला अडाणी बाईला काय ठाऊक, की हा शब्द पुस्तकाच्या पहिल्या पानावर गेला की त्यातलं माणूस आपोआप वर जातं? पण त्याला तरी कळायला नको? शिक्के मारणारा माणूस तो, जड शब्द दिसला की ठोकून मोकळा!

बरं, लेकानं मला काय कबूल केलं होतं? ‘पुस्तकाचं प्रकाशन झालं की तुला वर बोलवायचं. व्यासपीठावर तुझी खुर्ची ठेवायला सांगितलीय. तू तुझ्या तोंडानं एक गोष्ट सांगायची.’ अहो, माझ्या गोष्टी आजवर ऐकल्या कुणी? घरातल्यांनी, शेजारणींनी, आणि दुखणाईत असल्या की विहीणबाईंनी, कारण त्यांना उठून जाता यायचं नाही. सबंध सभागृह माझं ऐकणार! मी दाराची गोष्ट नक्की केली. सुतार असं एक दार करतो, की कुणीही आलं तरी ते दार करकरत सांगतं, ‘घरात कुण्णी नाहीऽऽ’, आणि आत म्हातारी बसलेली असते, ओरडून ओरडून थकते, पण लोक तिच्यापेक्षा दारावर विश्वास ठेवतात. स्वयंपाकघरात तालीम केली. दाराचा आवाज असा काढला, की सून तेलाची बाटली घेऊन बिजागरी शोधत आली!

मग तो दिवस. सणाचे दिवस हो! वर्षभर या शहरात नळाला पाणी नसतं, पण सण आला की कलेचा नुसता महापूर. चौकात दिव्यांच्या माळा आणि माळांखाली कविता, बागेत गाणं, बँकेच्या जिन्याखाली नाटक. मोकळी भिंत दिसली की चित्र टांगतात, मोकळा माणूस दिसला की अध्यक्ष करतात. आमच्या सभागृहाच्या बाहेरच चित्रं लावली होती. एक तर एवढं थोरलं, सगळं पांढरं, आणि कोपऱ्यात काळपट डाग. चित्रकार दाढी कुरवाळत म्हणतो, ‘आजी, काय दिसतं तुम्हाला?’ मी म्हटलं, ओल आलीय भिंतीला. तर त्यानं छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘नेमकं तेच!’ घ्या! तो खूश, मी खूश, ओल तिथंच.

आत कवींचं चाललं होतं. आमचं प्रकाशन त्यांच्यानंतर. अहो, पण कवी संपायला नकोत? एक जण म्हणतो, ‘ही शेवटची.’ ती संपली की, ‘जाता जाता एक छोटीशी.’ जाता जाता म्हणतो आणि जात नाही! आणि कविता तरी कशी? ‘मी...’ म्हणाला आणि थांबला. मला वाटलं विसरला बिचारा. ‘...आणि मी...’ परत थांबला. ‘...आणि मधला मी.’ वाऽ वाऽ वाऽ! म्हटलं, तिघं आहात तर एकानं तरी खाली उतरा, माझी खुर्ची ताटकळलीय. ती दिसत होती ना मला, वर, लाल गादीची, हातवाली, आणि मी खाली मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीत, शेजारी कानानं अधू असलेल्या विहीणबाई.

शेवटी आमचं आलं एकदाचं. अध्यक्ष म्हणजे मोठे विद्वान. ते पुस्तक वाचत नाहीत, पुस्तकावर बोलतात. माईकशी गेले, पुस्तक उघडलं, पहिलं पान पाहिलं, मग ती लाल खुर्ची पाहिली... आणि त्यांचा चेहरा असा पडला, की मला वाटलं वीज जाणार.

‘मित्रहो! आईच्या स्मृतीस! आणि ही... ही रिकामी खुर्ची! केवढं बोलते ही खुर्ची! ती माउली आज आपल्यात असती तर...’

मी हात वर केला. आहे की! चौथ्या रांगेत आहे! त्यांना वाटलं, आजींना हुंदका आवरेना. माझ्याकडे बघून त्यांनीच चष्मा काढून डोळे पुसले. लेक वर ताडकन उठला, तोंड उघडलं, तर अध्यक्षांनी त्याचं डोकं धरून आपल्या कोटात खुपसलं. ‘रड बाळा, रडून घे.’ अहो, साठीला आलेलं बाळ! कोटातून नुसतं ‘आई... आई...’ एवढंच ऐकू येतं, आणि ते ऐकून लोक आणखी रडतात!

आणि तेवढ्यात मी पाहिलं, पहिल्या रांगेत लेकाचे साहेब. जन्मभर त्याला ‘काय कामाचा तू’ म्हणून हिणवणारा माणूस, रुमालानं नाक पुसत होता. उठून उभा राहून टाळ्या वाजवत होता माझ्या लेकासाठी. कोटातून कसंबसं तोंड सोडवून लेकानं माझ्याकडे बघितलं. शाळेत वर्गापुढं उभा राहून पाठ केलेली ओळ विसरला होता, तेव्हा असंच बघितलं होतं माझ्याकडे. आता हा म्हणणार, आई जिवंत आहे, आणि सबंध सभागृह खो खो हसणार, पुस्तक राहिलं बाजूला, जन्मभर हेच सांगत सुटतील. मी मान हलवली. म्हटलं, बस खाली. मी आपली गप्प. गेलेल्या माणसानं मध्ये मध्ये बोलू नये.

पण गप्पसुद्धा बसू देतील तर ना! छातीला बिल्ला लावलेला एक जण आला. ‘आजी, उभ्या राहा, दोन मिनिटं शांतता पाळायचीय.’ म्हटलं, गुडघे दुखतात रे. तर म्हणतो, ‘अहो, मेलेल्या माणसासाठी एवढं तरी करा!’ उठले. स्वतःसाठी, स्वतःच्या गुडघ्यांवर! आणि शांतता कसली? शेजारच्या सभागृहात ढोल सुरू, कुणाचातरी फोन वाजतोय, एक कवी हळूच घड्याळ बघतोय, आणि विहीणबाई ओरडून विचारतात, ‘कोण गेलं?’ मी त्यांच्या कानाला लागून म्हटलं, मी. तर रागावल्या हो! ‘मग कळवायची पद्धत?’

पण एक सांगते, मलाही भरून आलं. सगळ्या माना खाली, सगळे डोळे ओले. इतकी चांगली बाई, आणि गेली!

मग फोटोचं ते झालं, सांगितलंच तुम्हाला. मग चहा. सून बाहेर पुस्तकं विकायला बसली होती, ती धावत आली, ‘आई, तुम्ही ओरडून का नाही सांगितलं?’ मी म्हटलं, दारानं सांगितलंय घरात कुणी नाही, आता ऐकतंय कोण? तेवढ्यात एक बाई आली, पुस्तक छातीशी धरलेलं, डोळे सुजलेले. मला म्हणते, ‘तुम्ही ओळखत होता का हो त्यांना?’

म्हटलं, होते जरा ओळखीत.

‘कशा सांगायच्या हो त्या गोष्टी?’

आता मात्र राहवेना. कप ठेवला आणि दाराची गोष्ट धरली. सुतार उभा केला, म्हातारी उभी केली, दार असं करकरवलं की चहावाला मागं वळून बघायला लागला. माणसं गोळा झाली, कवी आले, साहेब आले, अध्यक्षसुद्धा बिस्किट हातात तसंच धरून उभे. गोष्ट संपली. लेक सगळ्यांच्या मागं उभा होता, आता खरोखरीचा रडत होता. मला वाटलं, चला, खुर्ची नाही तर नाही, ऐकलं तरी!

त्या बाईनं माझा हात हातात घेतला, डोळे पुसले, आणि म्हणाली, ‘छान सांगता हो आजी... पण त्या गेलेल्या आईंची सर नाही!’

मी म्हटलं, खरंय बाई. त्यांची सर मला काही जिवंतपणी यायची नाही.